झुनू इथेच बसेल

अक्का, तू म्हणाली होतीस की तुझ्यामागे ही खोली बंद करायची. तापात होतीस. मी पेजेची वाटी घेऊन बसले होते. तू वाटी हाताने बाजूला सारलीस आणि म्हणालीस, "सुमन, पोरं ज्याच्या त्याच्या घरी धाडून दे. तुझ्याने व्हायचं नाही." मी काही बोलले नाही. मी कधी बोलते? वाटी घेऊन मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. तुला वाटलं असेल, वाटी धुते आहे.

आज तुला जाऊन सतरावा दिवस. खोली उघडी आहे. सकाळी आठला मी कुलूप काढते, झाडून घेते, तुझी सतरंजी अंथरते. पोरं येतात. झुनूसुद्धा येते. हे तुला आवडलं असतं की नाही ते मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर मी त्याचा विचार करत बसलेली नाही.

समोरासमोर भांडायला मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, त्यामुळे लिहायलाही वेळ लागतो. पण तुझ्यामाझ्यात जे भांडण अर्धं राहिलं ते मी सोडणार नाही. तू गेलीस म्हणून तू जिंकलीस असं होत नाही.

आधी एक कबूल करते. आम्ही खान्देश सोडून लिंबायतच्या या चाळीत राहायला आलो तेव्हा आरू वर्षाची होती. मी वरच्या खोलीत दिवसा बल्ब लावून साड्यांवर खडे चिकटवायची. तू एकदा जिन्यातून हाक मारलीस, "अगं, डोळे फोडशील. खाली ये, माझ्या दारात उजेड आहे." खाली आले तर तुझ्या खोलीत पाच पोरं. आया साड्यांचे सुटे धागे कापायला, धागा कटिंगच्या गोदामात गेलेल्या, आणि पोरं तुझ्या अंगाखांद्यावर. मी दाराशी बसले ती तीन वर्षं बसले. त्या तीन वर्षांत तू मला एकदाही म्हणाली नाहीस की काहीतरी बोल ना. बाकी सगळ्यांनी म्हणून घेतलं. सासरी तर माझ्या देखत विचारायचे, हिला जीभ आहे का. तू चहा पुढे ठेवायचीस आणि आपल्या कामाला लागायचीस. त्या चहाला मी कधी चांगलं म्हटलं नाही. चांगला असायचा.

पोरांशी मात्र तू दिवसभर बोलायचीस. पोर खान्देशातलं असो, बिहारचं असो की ओडिशाचं, तुझी भाषा एकच, आपली अहिराणी. एकाने मारलं, दुसरं रडलं, की मारणाऱ्याला जवळ ओढून विचारायचीस, "तिले कसं वाटनं व्हई?" आणि गप्प बसायचीस. पोर बहुतेक वेळा काहीच सांगायचं नाही. नाक ओढायचं, छताकडे बघायचं. मला मनात हसू यायचं. दोन वर्षांच्या पोराला काय विचारते ही बाई, एक धपाटा दे आणि मोकळी हो. आमच्या घरी असंच होतं. मारलंस तर मार खा, चावलीस तर चावा सोस. माझ्या आईने मला असंच शिकवलं आणि मी काही वाईट निघाले नाही, असं मी धरून चालले होते.

मग झुनू आली. अडीच वर्षांची. बाप लूमवर, आई गोदामात, घरी बोलायला ओडिया, चाळीत हिंदी. तिला दोन्ही अर्धी अर्धी येत होती, त्यामुळे ती दातांनी बोलायची. पहिल्या आठवड्यात तिने चौघांना चावलं. रेखाच्या वेदांतला दोनदा. रेखा म्हणाली, हिच्या तोंडाला म्हशीसारखी मुसकी बांधा. तू हसलीस आणि म्हणालीस, आधी तुझ्या तोंडाला बांधून बघू, जमतं का. रेखाही हसली. तेव्हा सगळ्या हसत होत्या.

आरूच्या गालाला ती चावली त्या दिवशी मी हसले नाही. गालावर चार दात उमटले होते, एका जागी रक्त आलं होतं. मी हातातली साडी टाकली, झुनूचा दंड धरला आणि चावले.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. चाळीत कुणी बघितलं नव्हतं. फक्त तू आणि पोरांनी. मी तिला जोरात चावले, अक्का. हळू चावले असं मी तेव्हा तुला सांगितलं ते खोटं होतं.

तू ओरडली नाहीस. झुनूला मांडीवर घेतलंस, दंडाला खोबरेल तेल लावलंस, आणि तीन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. गंमत अशी की मी आधीच बोलत नव्हते, त्यामुळे चाळीला काही कळलंच नाही. चौथ्या दिवशी मीच म्हटलं, "तिला कळायला नको, दुखतं म्हणून?" तू म्हणालीस, "दुखतं ते तिला माहीत आहे. दुसऱ्याला दुखतं ते माहीत नाही. आणि तू तिला तेही नाही शिकवलंस. मोठी माणसंही चावतात, एवढंच शिकवलंस."

मला पटलं नाही. पण दोन दिवसांनी झुनू एका तान्ह्या पोराच्या पायाला चावली. चावून झाल्यावर उठली, माझ्यासमोर आली, फ्रॉकची बाही वर केली आणि दंड पुढे केला. रडत नव्हती. भ्यालेलीही नव्हती. आपली पाळी आली म्हणून उभी होती. ते तान्हं तिच्यामागे किंचाळत होतं आणि तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही. तिच्या लेखी ती गोष्ट तिच्यात आणि माझ्या दातांत उरली होती.

त्या दिवशी तू माझ्याकडे बघितलं नाहीस. बघायला हवं होतंस. मी काहीतरी बोलले असते.

पण माझंही एक ऐक. त्या दिवशी, पहिल्या दिवशी, आरूचा गाल मी एकटीने पुसला. तू झुनूला मांडीवर घेतलंस. तुझं सगळं लक्ष नेहमी चावणाऱ्यावर. ती का चावली, तिच्या मनात काय आलं, तिची आई केव्हा येते. जिला चावलं ती कोपऱ्यात हुंदके देत बसायची. तिला कसं वाटलं हे तू झुनूला विचारायचीस, पण आरूला किती वेळा विचारलंस? खडे चिकटवायचा गम सांडला त्या दिवशीही हेच झालं. आठवतं का? झुनू मला गमचा डबा आणून द्यायला निघाली आणि सतरंजीला पाय अडकून सगळा गम साडीवर सांडला. त्याच वेळी वेदांतने दुसऱ्या साडीचा एकच खडा नखाने मुद्दाम उकरून काढला होता, का, तर मी त्याला गप्प बस म्हटलं होतं. तू पोरांना गोल बसवून विचारलंस, जास्त वाईट कुणी केलं? लहानगी सगळी म्हणाली, झुनूने. पूर्ण साडी गेली ना. आरूही तेच म्हणाली. बिहारची पिंकी तेवढी सात वर्षांची होती, तिला सुट्टी होती म्हणून आलेली. ती खूप वेळ विचार करून म्हणाली, "पर झुनू तो मदद कर रही थी." तुझं तोंड असं फुललं की जणू पिंकी मॅट्रिक पास झाली.

मी तेव्हा गप्प होते. आता सांगते. पिंकीचं बरोबर होतं. पण साडी माझी गेली होती, अक्का. तिने मुद्दाम केलं नाही म्हणून माझा दिवस परत आला नाही. पोरांना दोन्ही शिकवायला हवं. मुद्दाम नव्हतं हे एक, आणि तरी कुणाचं तरी नुकसान झालं, त्याच्याजवळ जाऊन बसायचं, हे दुसरं. तू पहिलं शिकवलंस. दुसरं मी शिकवते आहे. आता कुणी चावलं तर मी दोघींना घेऊन बसते, आणि आधी जिला लागलं तिच्याकडे बघते. झुनूला तिथेच बसवते. पुस, म्हणते. ती ओल्या फडक्याने पुसते. कधी जास्तच जोरात पुसते. पण बघते. हे तुझं नाही, हे माझं आहे.

आणि जे तुझं आहे ते मी नाकारत नाही. झुनू रोज दुपारी रडायची तेव्हा आरू तिला आपला गोधडीचा तुकडा नेऊन द्यायची. तोच तुकडा, जो घेतल्याशिवाय आरू स्वतः झोपत नाही. झुनू तो फेकून द्यायची. आरू पुन्हा उचलून द्यायची. मी म्हटलं, वेडी आहे माझी पोर. तू म्हणालीस, वेडी नाही, तिला जे बरं वाटतं तेच सगळ्या जगाला बरं वाटतं असं तिला वाटतं. थांब जरा. किती महिने थांबलो आपण! मग एके दुपारी आरू उठली, गोधडी तशीच ठेवली आणि खुंटीवरची झुनूच्या आईची ओढणी ओढून काढून तिला नेऊन दिली. झुनू त्यात तोंड घालून गप्प झाली. तू माझ्या मांडीवर चापट मारलीस. बघितलंस ना, एवढंच डोळ्यांनी. माझ्या हातातला खडा वाकडा चिकटला तो मी तसाच राहू दिला.

आता ज्या दिवशी तू गेलीस त्या दिवसाचं. तू काही ते बघितलं नाहीस, म्हणून सांगते.

पोरांना वर कोंडलं होतं. मयताजवळ लहान पोरं नकोत म्हणून. कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं. मीही नाही, ती माझी चूक. खाली पुरुष तुला तिरडीवर बांधत होते. तुझा भाचा सुनील शिरपूरहून आला होता, तो सुतळी आवळत होता. तेवढ्यात झुनू कशी निसटली कुणास ठाऊक, माणसांच्या पायांतून आली आणि सुनीलच्या मनगटाला चावली. सोडेना. दोघांनी मिळून ओढली तेव्हा सुटली. कुणीतरी तिला मुस्कटात मारली. बायकांनी तोंडाला पदर लावले. मयताच्या वेळी चावली, असं कुणी बघितलंय का, ही पोर नाही, ही पिसाळली आहे. झुनूची आई तिला कडेवर घेऊन कोपऱ्यात उभी राहिली, मान खाली घालून. तुला उचललं तेव्हा तिने वरही बघितलं नाही.

मीही त्या वेळी तिच्याजवळ गेले नाही. तुला उचलत होते, मला काही सुचत नव्हतं. पण रात्री आरूने विचारलं, अक्काला दोरीने का बांधलं? ती तर पळत नव्हती. झुनूने सोडवली का तिला?

मी अंथरुणात उठून बसले. अक्का, ती पोर तुला सोडवायला आली होती. एवढे सगळे मोठे बाप्ये उभे, कुणी काही करत नव्हतं, आणि तिच्या अक्काला दोरीने आवळत होते. तिच्याजवळ होतं काय? चार दात. ते तिने लावले. आजवर ती स्वतःसाठी चावत होती, त्या दिवशी पहिल्यांदा दुसऱ्या कुणासाठी चावली. आणि त्याचीच तिला मुस्कटात मिळाली.

गंधमुक्तीच्या दिवशी, सुतक फिटल्याची जेवणं उठल्यावर बायका मोरीपाशी भांड्यांभोवती बसल्या. पोरांचं काय करायचं, हे निघालं. रेखाने सगळ्यांच्या वतीने सांगितलं, की सुमन दिवसभर घरीच असते, तिनेच खोली चालवावी, भाडं आपण मिळून भरू. सगळ्या हो म्हणाल्या. मग रेखा म्हणाली, "पण ती चावरी नको. तिच्या आईला कुणीतरी सांगा. सुमनला काही सांगता येणार नाही." झुनूची आई तिथेच पाच हातांवर ताटं धूत होती. तिला मराठी येत नाही म्हणे. तिचे हात थांबले होते.

माझ्यासमोर भाताचं पातेलं होतं. मी त्या पातेल्याकडे बघूनच बोलले. माझा आवाज इतका बारीक होता की रेखाने विचारलं, काय म्हणतेस? मग मला पुन्हा बोलावं लागलं, आणि दुसऱ्यांदा तो जरा जास्तच मोठा निघाला.

"झुनू इथेच बसेल. जिला चालणार नाही तिने आपलं पोर घरी ठेवावं."

रेखा म्हणाली, "बाई गं, बोलता येतं होय तुला!" एकदोघी हसल्या. हसून विषय जाईल असं त्यांना वाटलं. मी जाऊ दिला नाही. आरूने विचारलेलं सगळं मी त्यांना सांगितलं, दोरीचं, सोडवायचं, सगळं. पातेलं दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. रेखा म्हणाली, पोरं काय, काहीही बोलतात, उद्या माझ्या वेदांतचा डोळा फोडला तर तू भरून देणार का? आणि तुला काय कळतं गं पोरांच्या मनातलं, तू काय बालवाडीची बाई लागून गेलीस?

मी म्हटलं, मी काही लागून गेले नाही. पण मी तीन वर्षं दाराशी बसून बघितलं आहे. तुम्ही संध्याकाळी येऊन पोर उचलून नेता. दिवसभर ती एकमेकांशी काय करतात ते मला माहीत आहे.

सुनील मागे हात धुवायला उभा होता. त्याच्या मनगटावर अजून पट्टी होती. त्याने सगळं ऐकलं असावं. तो म्हणाला, "सुतळी आवळताना मलाच बघवत नव्हतं, वहिनी. मावशीचा हात अडकत होता. त्या पोरीने बरोबर केलं." आणि ओल्या हाताने डोळे पुसून निघून गेला. पुरुष माणूस बोलला म्हणून बायका गप्प झाल्या. मी आधी बोलले होते, हे मात्र तू लक्षात ठेव.

सातांतली तीन पोरं दुसऱ्या दिवशी आली नाहीत. चार आली. त्यात झुनू होती. तिच्या आईने तिला दारातून आत ढकललं आणि माझ्याकडे न बघता गेली. दोन पावलं जाऊन परत आली आणि माझ्या खांद्याला नुसता हात लावून पुन्हा गेली.

वेदांत दोन दिवस समोरच्या दारात बसून इकडे बघत होता. तिसऱ्या दिवशी चप्पल न घालता आला आणि सतरंजीवर बसला. मागून रेखा. दारात उभी राहून म्हणाली, "चावली तर?" मी म्हटलं, "चावेलही." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. खोटं बोलले असते तर तिने पोराला उचलून नेलं असतं असं मला वाटतं. ती गोदामाला गेली. मग आणखी एक पोर आलं. एक अजून येत नाही.

झुनू शहाणी झाली असं काही मी तुला सांगणार नाही. काल साड्यांचा टेम्पो आला. मला पार्सल द्यायचं होतं आणि झुनू दारात आडवी पडली होती. तिची आई त्याच दारातून जाते म्हणून ती तिथे पडून राहते. टेम्पोवाला भोंगा वाजवत होता. मी तिला दंडाला धरून ओढलं. ती माझ्या हाताला चावली. चांगलीच चावली.

माझा हात वर गेला. पुरा वर गेला, अक्का, लपवायचं कशाला. मी बघितलं तर बाकीची पाचही पोरं थांबली होती. वेदांत उभा राहिला होता. आरूचा अंगठा तोंडात होता. झुनूने काय केलं ते त्यातलं कुणीच बघत नव्हतं, ते त्यांना माहीतच होतं. सगळी माझ्या हाताकडे बघत होती. आता ही काय करणार, हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. बाहेर भोंगा चालूच होता.

हात मी खाली आणला. तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, तुला ओढलं ते मी करायला नको होतं. आणि मला दुखतंय. ती माझ्या मनगटावरच्या खुणांकडे बघत राहिली. मग आरू फडकं ओलं करून घेऊन आली. टेम्पो निघून गेला. पार्सल आज दिलं.

तो हात मी आणला खाली. तू नाही. तुझं बोलणं आठवलं, तुझा चेहरा समोर आला, असं काही झालं नाही. त्या वेळी तू मला आठवलीच नाहीस. संध्याकाळी पोरं गेल्यावर कुलूप लावताना ते माझ्या ध्यानात आलं, आणि मग मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. तू गेल्यापासून पहिल्यांदा.